सीमेपलीकडचा आवाज

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत नोबेल पारितोषिकांची यादी असते. शांततेच्या रकान्यात १९३५ सालासमोर एक नाव छापलेले असते, कार्ल फॉन ओसिएत्स्की. शाळेतली मुले प्रश्नमंजूषेसाठी ती यादी घोकायची आणि ह्या नावापाशी आली की हमखास अडखळायची. शाळेच्या इतिहासात हिटलर असतो, ज्यूंचा छळ असतो, दुसरे महायुद्ध असते. ओसिएत्स्की नसतो. त्यामुळे ते नाव यादीतच राहून जाते.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा ह्या माणसाविषयी जे जे सापडले ते वाचून काढले. त्यात मला गुंतवून ठेवणारा एक प्रश्न होता. एखाद्या देशातल्या सरकारने लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांची तोंडे बंद केली, तर बाहेरच्या देशांतल्या लोकांनी आरडाओरडा करून काय साधते? तुरुंगातल्या माणसाचे त्याने भले होते की हाल वाढतात? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९७५ साली आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, परदेशी बातमीदारांना देशाबाहेर घालवले गेले, तेव्हा बाहेरून कुणी काही बोलले की 'परकीय हात' हा शब्द ठरलेला होता. पुष्कळ भल्या माणसांनाही तो पटत असे. आपल्या घरातले भांडण, शेजाऱ्याने कशाला नाक खुपसावे, असा तो विचार. ओसिएत्स्कीच्या हकिकतीत ह्या विचाराची चांगली परीक्षा होते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

ओसिएत्स्कीचा जन्म १८८९ सालचा, हॅम्बुर्गचा. घराणे साधेच. पहिल्या महायुद्धात सैन्यात होता आणि तिथून पक्का युद्धविरोधी होऊन परतला. १९२७ पासून तो बर्लिनच्या 'डी वेल्टब्यूने' ह्या साप्ताहिकाचा संपादक होता. नावाचा अर्थ 'जागतिक रंगमंच'. खप फार नव्हता, पण वाचणारे लोक वजनदार होते, आणि कुणाचीही भीड न ठेवणारे पत्र म्हणून त्याचा दबदबा होता.

मार्च १९२९ मध्ये ह्या साप्ताहिकात जर्मन विमानवाहतुकीवर एक लेख आला. दिसायला नीरस, जमाखर्चाचा. पण त्यातून एक गोष्ट उघड होत होती. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्याची बंदी होती, आणि नागरी विमानखात्याच्या आडून लष्कराची तयारी चालली होती. संपादक आणि लेखक दोघांवर खटला झाला, तोही बंद दाराआड. १९३१ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. हेरगिरी आणि देशाची गुपिते फोडल्याबद्दल दोघांना दीड दीड वर्षाची शिक्षा. इथे एक लक्षात घ्यायला हवे. तेव्हा हिटलर सत्तेवर यायचा होता. जर्मनीत प्रजासत्ताक होते, संसद होती, न्यायालये होती. खरे सांगणाऱ्याला देशद्रोही ठरवायचे काम त्या न्यायालयांनीच करून ठेवले होते. हुकूमशाहीला अशा पुष्कळ गोष्टी आयत्या मिळतात.

लेखक फ्रान्सला निघून गेला. ओसिएत्स्की गेला नाही. पासपोर्ट हाताशी होता, मित्र विनवत होते, तरी १९३२ च्या मे महिन्यात तो आपल्या पायांनी तुरुंगात हजर झाला. त्याचे म्हणणे असे की सीमा ओलांडून गेलेल्या विरोधकाचा आवाज मायदेशात थोड्याच दिवसांत पोकळ ऐकू येऊ लागतो. ज्याला आपल्या देशातल्या रोगाशी झगडायचे आहे त्याने देशातच राहिले पाहिजे. हे त्याचे मत ध्यानात ठेवा. पुढे जे घडले त्यात ह्या मताचीच कसोटी लागली.

१९३२ च्या नाताळात सार्वत्रिक माफी मिळून तो सुटला. महिन्याभरात हिटलर चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमध्ये राइशस्टागची, म्हणजे संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस ओसिएत्स्कीच्या दारात उभे राहिले. साप्ताहिकाचा बर्लिनमधला शेवटचा अंक त्यानंतर आठवड्याभरात निघाला आणि ते बंद पडले. १० मे रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा घोषणा देऊन ज्यांची नावे पुकारली त्यांत ओसिएत्स्कीचेही होते.

स्पांडाऊ, झोनेनबुर्ग आणि १९३४ पासून एस्टरवेगन अशा त्याच्या छावण्या बदलत गेल्या. एस्टरवेगन हे हॉलंडच्या सीमेजवळचे दलदलीचे ठिकाण. कैद्यांना कुदळ-फावडी देऊन त्या दलदलीत चर खणायला लावत. चाळिशी ओलांडलेला, आधीच नाजूक प्रकृतीचा पत्रकार. त्यात पहारेकऱ्यांना तो कोण आहे हे चांगले ठाऊक, म्हणून मारही जास्त.

आता बाहेरच्यांची गोष्ट. ही हालचाल सरकारांनी सुरू केलेली नव्हती. ती सुरू केली पॅरिस, स्ट्रासबुर्ग, लंडन, ओस्लो अशा शहरांत पोटापाण्याची भ्रांत असलेल्या परागंदा जर्मन लोकांनी. स्ट्रासबुर्गला बर्टोल्ड याकोब नावाचा पत्रकार होता, 'वेल्टब्यूने'चाच जुना लेखक. ओसिएत्स्कीला शांततेचे नोबेल मिळवून द्यावे ही कल्पना १९३४ साली त्याने पुढे आणली. त्या वर्षीची मुदत टळून गेली होती. पॅरिसमध्ये हेल्मुट फॉन गेरलाख आणि हिल्डे वाल्टर ह्यांनी मग पत्रांचा सपाटा लावला. नोबेलसाठी नाव कुणीही सुचवून चालत नाही. त्यासाठी खासदार, ठरावीक विषयांचे प्राध्यापक, आधीचे मानकरी असे अधिकारी लोक लागतात. ही मंडळी त्यांच्या दारोदार फिरली. आइन्स्टाइन, थॉमस मान, रोमां रोलां ह्यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला. इंग्लंडमध्ये 'टाइम्स'चे माजी संपादक विकहॅम स्टीड लिहीत होते. ओस्लोमध्ये विशी ओलांडलेला एक निर्वासित तरुण ह्या कामासाठी राजकारण्यांना भेटत होता. त्याचे नाव विली ब्रांट. पुढे तो पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि १९७१ साली त्याला स्वतःला हेच पारितोषिक मिळाले.

ह्या लोकांपुढे एक भयंकर पेच होता. गाजावाजा केला नाही तर जग त्याला विसरणार आणि तो दलदलीत मरणार. गाजावाजा फार केला तर छावणीतले लोक त्याच्यावर राग काढणार, कदाचित 'पळून जाताना गोळी लागली' असा कागद तयार होणार. म्हणून पहिल्या काळात पुष्कळ काम मुद्दाम आवाज न करता चालले. मला ह्या मंडळींचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते ह्याचे. सभा घेऊन मुठी आवळणे सोपे असते. ज्याच्यासाठी ओरडायचे त्याला काय सोसावे लागेल ह्याचा हिशेब रोज मांडत काम करणे अवघड.

याच सुमारास याकोबवर एक प्रसंग गुदरला. मार्च १९३५ मध्ये गेस्टापोने त्याला फसवून स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला बोलावले आणि मोटारीत घालून सीमेपार पळवले. स्विस सरकार खवळले. आमच्या भूमीवरून माणूस पळवता म्हणजे काय, असे म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय लवादाची भाषा केली. आणि काय आश्चर्य, सप्टेंबरमध्ये जर्मनीने याकोबला मुकाट्याने परत केले. म्हणजे १९३५ साली हिटलरचे सरकार बाहेरच्या दडपणापुढे नमत होते! पण नमले कशापुढे ते पाहा. एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या कायदेशीर हक्काला धक्का लावला होता. सार्वभौमत्वाचा प्रश्न होता. ओसिएत्स्की तर जर्मन नागरिक, जर्मन छावणीत. त्याच्यासाठी कोणत्या सरकारने कोणत्या कलमाखाली बोलायचे? त्या काळी मानवी हक्कांचा जाहीरनामा नव्हता, ॲम्नेस्टी नव्हती. सरकारे गप्प होती, आणि ती गप्प बसण्याला कारण तयार होते. (याकोबला १९४१ साली लिस्बनमधून पुन्हा पळवले. ह्या वेळी कुणी परत मागितले नाही. १९४४ मध्ये तो बर्लिनमध्ये वारला.)

१९३५ च्या शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी म्हणून कार्ल बुर्कहार्ट हे स्विस गृहस्थ एस्टरवेगनला गेले. त्यांनी ओसिएत्स्कीला पाहण्याचा आग्रह धरला. समोर आणला गेला तो थरथरणारा, प्रेतासारखा पांढरा पडलेला माणूस. एक डोळा सुजलेला, दात पाडलेले, मोडून वेडावाकडा जुळलेला पाय ओढत चालणारा. मित्रांचे निरोप सांगितल्यावर त्याने हळू आवाजात आभार मानले आणि आता लवकरच सगळे संपेल, तेच बरे, अशा अर्थाचे काही सांगितले. बुर्कहार्ट ह्यांनी हे वर्णन पुस्तकात लिहिले ते महायुद्ध संपून गेल्यावर. त्या वेळी रेडक्रॉसने ह्याची जाहीर वाच्यता केली नाही. छावण्यांचे दरवाजे आपल्याला बंद होतील अशी त्यांना भीती होती. ही भीती खोटी नव्हती असे मी समजू शकते. तरीही तो प्रसंग वाचला की त्या गप्प बसण्याचा राग येतोच.

त्याच नोव्हेंबरात नॉर्वेच्या वर्तमानपत्रांत एक लेख आला. लेखक क्नुट हाम्सुन, नॉर्वेचा सर्वांत मोठा कादंबरीकार, १९२० चा साहित्याचा नोबेल मानकरी. त्याने विचारले, हा माणूस वेळेत जर्मनीबाहेर का गेला नाही? मुद्दाम हुतात्मा व्हायचे होते का? नवी जर्मनी उभी राहत असताना तिला मदत करायची सोडून तिच्यावर दगड कशाला मारायचे? दलदलीतल्या माणसाला उत्तर देता येत नव्हते. तीसहून अधिक नॉर्वेजियन लेखकांनी एकत्र येऊन हाम्सुनचा निषेध केला. स्वीडनमध्ये आश्रयाला असलेला कुर्ट टुखोल्स्की, 'वेल्टब्यूने'चा सर्वांत चमकदार लेखक आणि ओसिएत्स्कीचा मित्र, एके काळी हाम्सुनचा भक्त होता. त्याला हा घाव जिव्हारी लागला. हाम्सुनला उत्तर द्यायची धडपड त्याने केली, आणि २१ डिसेंबर १९३५ रोजी झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने तो गेला. हाम्सुनने १९४३ साली आपले नोबेल पदक गोबेल्सला भेट दिले.

आता नोबेल समितीकडे येऊ. १९३५ साली समितीने शांततेचे पारितोषिक कुणालाच दिले नाही. ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले. जर्मनी हा नॉर्वेचा बलाढ्य शेजारी, व्यापार मोठा, आणि समितीत खुद्द नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री हाल्वदान कोट सभासद. पण वर्षभरात मागणी ओसरायच्या ऐवजी वाढली. निरनिराळ्या देशांतल्या शेकडो खासदारांनी त्याचे नाव सुचवले. मधल्या काळात १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक जवळ आले. जगभरचे पाहुणे येणार होते, आणि घर आवरायचे होते. मे महिन्याच्या अखेरीस ओसिएत्स्कीला छावणीतून काढून बर्लिनच्या पोलीस इस्पितळात हलवले. क्षय हाताबाहेर गेला होता. त्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला होता आणि त्यांनी आपले देशी व्यायामप्रकार तिथे करून दाखवले, ही आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आहे, आणि ती तशी आहेही. त्या झगमगीत शहरात एक संपादक पहाऱ्यात खोकत पडला आहे हे पाहुण्यांना कोण सांगणार? उलट सगळीकडे शिस्त, स्वच्छता, ध्वज.

७ नोव्हेंबर १९३६ रोजी त्याला कागदोपत्री मुक्त केले. त्याच सुमारास गोअरिंगने त्याला समोर बोलावून घेतले. नोबेल नाकार, एवढीच अट. नाकारलेस तर त्रास संपेल, स्वीकारलेस तर जर्मन समाजातून स्वतःला बाहेर काढून घेतलेस असे आम्ही समजू. समितीवरच्या दोघांनी, परराष्ट्रमंत्री कोट आणि माजी पंतप्रधान मोविंकेल ह्यांनी, निर्णयातून अंग काढून घेतले. उद्या जर्मनी म्हणेल की हा नॉर्वे सरकारचाच निर्णय, म्हणून. उरलेल्यांनी निर्णय घेतला आणि २३ नोव्हेंबरला १९३५ चे पारितोषिक ओसिएत्स्कीला मिळाल्याचे ठरले.

आणि त्या क्षयाने पोखरलेल्या, पहाऱ्यातल्या माणसाने ते स्वीकारले. कळवले की पुष्कळ विचार करून मी पारितोषिक घेत आहे. ते घेतल्याने मी जर्मन लोकांपासून तुटतो हे मला मान्य नाही. शांततेचे नोबेल हे देशातल्या राजकीय भांडणाचे चिन्ह नाही, लोकांलोकांमधल्या सामंजस्याचे आहे. सगळी हकिकत मी पुनःपुन्हा वाचते ती ह्या जागेसाठी. तोपर्यंत बाहेरचे लोक त्याच्या वतीने बोलत होते आणि तो काही बोलू शकत नव्हता. 'परकीय हात' म्हणणाऱ्यांना इथपर्यंत बोलायला जागा होती. तो हो म्हणाला तेव्हा ती जागा संपली. आणि बाहेरचा आवाज पोकळ असतो असे मानणाऱ्या माणसाने त्या आवाजाला दिलेले हे उत्तर होते.

१० डिसेंबरच्या ओस्लोतल्या समारंभाला त्याला जाऊ दिले नाही. नॉर्वेचे राजे हाकोन सातवे हेही समारंभाला आले नाहीत. जर्मन सरकारने नॉर्वेकडे निषेध नोंदवला. ३० जानेवारी १९३७ रोजी हिटलरने फर्मान काढले की यापुढे कोणत्याही जर्मनाने कोणतेही नोबेल घ्यायचे नाही. त्यामुळे कून, बुटेनान्ट आणि डोमाक ह्या तीन शास्त्रज्ञांना पुढे नकार कळवावा लागला. डोमाकने आधी आभाराचे पत्र लिहिले म्हणून गेस्टापोने त्याला आठवडाभर अटकेत ठेवले. सल्फा औषधांनी असंख्य जीव वाचवणारा हा माणूस! नॉर्वेने धडा घेतला तो असा, की १९३७ पासून पदावर असलेल्या मंत्र्याने नोबेल समितीत बसायचे नाही.

पारितोषिकाची रक्कम सुमारे १ लाख ६० हजार स्वीडिश क्रोनर होती. तिचे काय झाले हे ऐकून हसावे की रडावे कळत नाही. ज्या वकिलाने पैशांची व्यवस्था बघतो म्हणून पुढाकार घेतला त्यानेच बरीचशी रक्कम उडवली. १९३८ मध्ये त्याच्यावर खटला झाला आणि मरणाच्या दारातल्या ओसिएत्स्कीला साक्षीसाठी कोर्टात उभे राहावे लागले. एवढ्या छळातून टिकलेल्या माणसाला शेवटी एका किरकोळ लफंग्याने गाठले. ४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या नॉर्डएन्ड इस्पितळात, पहाऱ्यातच, तो वारला. वय ४८.

मग बाहेरच्या लोकांनी नेमके काय मिळवले? त्याचा जीव वाचला नाही. राजवटीचे काही बिघडले नाही. मृत्यू दलदलीत न होता इस्पितळाच्या खाटेवर झाला आणि त्याची पत्नी मॉड जवळ होती, हे मिळाले. ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी बुर्कहार्ट ह्यांनी केलेले वर्णन आठवावे. एस्टरवेगनमधल्या इतर कैद्यांसाठी मात्र कुठली समिती बसली नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात ती छावणी मोडली आणि कैद्यांना झाक्सेनहाउझेनला नेऊन त्यांच्याच हातांनी नवी छावणी उभी करून घेतली. एका नावाभोवती जग गोळा होते तेव्हा बाकीची नावे अंधारात राहतात, हा अशा मोहिमांवरचा आक्षेप मला खरा वाटतो. पण त्या एका नावामुळे जर्मन छावण्यांची चर्चा युरोपच्या वर्तमानपत्रांत आणि संसदांत झाली. ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय तेवढी कमी झाली.

२०१० साली चीनचे लेखक लिऊ शियाओबो ह्यांना तुरुंगात असताना शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा ओस्लोच्या मंचावर त्यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवली होती. मानकरी किंवा त्याच्या घरचे कुणीच येऊ शकले नाही असे त्याआधी १९३६ सालीच घडले होते. राजाने ह्या खेपेस हजेरी लावली. चीनने नॉर्वेशी संबंध सहा वर्षे गोठवून ठेवले, आणि २०१६ च्या डिसेंबरात ते पुन्हा सुरू करताना नॉर्वेच्या सरकारने चीनच्या मूलभूत हितांना बाधा आणणाऱ्या कशालाही पाठिंबा देणार नाही अशा अर्थाच्या निवेदनावर सही केली. पुढच्या जुलैत लिऊ कैदेतच, यकृताच्या कर्करोगाने वारले. जगातली बहुतेक सरकारे दोन-चार वाक्यांचे दुःख व्यक्त करून मोकळी झाली.

आणि ओसिएत्स्कीच्या आपल्या देशात? ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठाला त्याचे नाव द्यावे अशी तिथल्या विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची १९७० च्या दशकापासून मागणी होती. राज्य सरकार ते होऊ देईना. १९९१ साली नाव मिळाले. त्याची मुलगी रोझालिंडे, जिला लहानपणी इंग्लंडला आणि मग स्वीडनला पाठवावे लागले होते, तिने १९३१ चा तो हेरगिरीचा निकाल रद्द व्हावा म्हणून फेरसुनावणी मागितली. विमानांचे ते गुपित खरे होते हे तोपर्यंत शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले होते. ३ डिसेंबर १९९२ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने तिची मागणी फेटाळली.